टर्मिनल आणि टेक्स्टवालं सॉफ्टवेअर नवीन माणसाला सोपं कसं करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक म्हणजे ज्यांनी ती काळी खिडकी (टर्मिनल, जिथे कमांड टाइप करून कॉम्प्युटरला काम सांगतात) उघडली, दोन ओळी टाइप केल्या आणि घाबरून बंद केली. दुसरे म्हणजे ज्यांची या खिडकीशी दहा वर्षांची ओळख आहे आणि आता भाच्याला, शेजारच्या पोराला किंवा ऑफिसातल्या नव्या मुलीला शिकवायचंय, पण सांगायला बसलं की कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. आम्ही काही जण कुडाळला रविवारी सकाळी जमतो, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीकडून पोरं येतात, कुणी बीएस्सी करतंय, एका ताईंचा काजूचा व्यवसाय आहे, एक निवृत्त मास्तर आहेत. तिथे जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते इथे उतरवलंय. भर मात्र जाणकारांवर जास्त आहे. माझा अनुभव असा की नवीन माणूस अवघड गोष्ट जिद्दीने शिकतो, आणि ज्या बारीक गोष्टी कुणी लिहूनच ठेवल्या नाहीत तिथे नेमका सोडून देतो. त्या लिहिणं हे आधी शिकलेल्यांचं काम आहे.

फोनवर सगळं होतं, मग हे कशाला शिकायचं?

कारण पलीकडे सगळं यावरच चाललंय. होमस्टेची वेबसाइट असो नाहीतर पोराला लागणारी पुण्यातली नोकरी असो, सर्व्हर बहुतेक लिनक्सचा (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) असतो आणि त्यात शिरायचं दार म्हणजे टर्मिनल. शिवाय आमच्याकडे पावसात नेटवर्कची एक काडी येते-जाते, तेव्हा स्क्रीन शेअर होत नाही पण टेक्स्ट जातं, कारण नुसती अक्षरंच जायची असतात. जुना चार जीबीवाला लॅपटॉपसुद्धा पुरतो. आणि साधी टेक्स्ट फाइल वीस वर्षांनीही उघडते. काजूवाल्या ताई आता हिशेब टेक्स्ट फाइलमध्येच लिहितात, कुठल्या दिवशी किती किलो घेतली आणि कुणाचे पैसे यायचेत ते एका कमांडने निघतं.

नवीन माणूस नक्की कुठे अडकतो?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा लांबण लावतो.

पहिल्या रविवारी मालवणहून आलेला एक मुलगा, त्याला मी सांगितलं की सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवायचा शब्द) टाक, मग पासवर्ड विचारेल तो दे. तो टाइप करायला लागला आणि थांबला. परत सगळं पुसलं, परत टाइप केलं, मग कीबोर्ड उलटा करून झटकला. मी विचारलं काय झालं तर म्हणाला, ‘‘काका, कायच दिसणा नाय.’’ बरोबर होतं त्याचं. बहुतेक लिनक्समध्ये टर्मिनलात पासवर्ड टाकताना काहीच उमटत नाही, ठिपका नाही, तारा नाही, मागून कुणी बघत असेल तर पासवर्ड किती अक्षरी आहे तेही कळू नये म्हणून. मला हे इतकं सवयीचं की सांगायचं डोक्यातच आलं नाही. लिनक्स मिंटवाल्यांनी तारे दाखवायला सुरुवात केली आणि तो प्रश्न तिथे मिटला. ज्यांना तेवढंही बदलता येत नाही त्यांनी एक ओळ लिहावी : टाइप करताना काही दिसणार नाही, तरी टाइप करत राहा आणि एंटर दाबा. बास.

दुसरं, डॉलरचं चिन्ह. गाइडमध्ये कमांडच्या आधी $ छापलेलं असतं, त्याचा अर्थ ‘इथून पुढे तुम्ही टाइप करायचं’. नवीन माणूस डॉलरसकट टाइप करतो आणि उत्तर येतं की डॉलर नावाची कमांड सापडली नाही. तसंच ते < > कंस. ‘कॅट <फाइलनेम>’ असं लिहिलेलं असतं, आपल्याला कळतं की कंसाच्या जागी आपल्या फाइलचं नाव घालायचं, पण मास्तरांनी ते कंसासकट जसंच्या तसं टाइप केलं आणि ‘सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन न्यूलाइन’ असा मेसेज आला, ज्यातला एकही शब्द त्यांच्या चुकीशी जुळत नाही. टर्मिनलसाठी < हे ‘या फाइलमधून वाच’ असं चिन्ह असतं आणि > हे ‘या फाइलमध्ये लिही’ असं, आणि त्याच्यापुढे फाइलचं नावच नसतं म्हणून ते घडतं. आम्ही आता कंस टाकतच नाही, सरळ ‘आंबे डॉट टीएक्सटी’ असं खरं नाव लिहितो आणि खाली सांगतो की याच्या जागी तुमच्या फाइलचं नाव टाका.

तिसरं म्हणजे गप्प बसणं. सीपीने फाइल कॉपी केली की टर्मिनल काहीच बोलत नाही, नुसता प्रॉम्प्ट (पुढची कमांड टाइप करायची खूण) परत येतो. जाणकाराला ती शांतता म्हणजे ‘झालं’. नवीन माणसाला ती ‘झालं नाही’. काजूवाल्या ताईंनी एकच कमांड चार वेळा दिली होती. तेव्हापासून प्रत्येक कमांडखाली आम्ही लिहितो की आता काय दिसेल, आणि काहीच दिसणार नसेल तर तेही.

मग पेजर, म्हणजे लांब मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्राम. गिटचा (फाइलमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) मोठा लॉग बघायला गेलात की स्क्रीनभर मजकूर येतो, शेवटाला पोचलात की खाली ‘एंड’ असं लिहून येतं आणि एंटर मारून काही होत नाही. क्यू दाबायचं. एवढंच.

आणि कंट्रोल-एस. सेव्ह करायच्या सवयीने माणूस ते दाबतो आणि बऱ्याच टर्मिनलमध्ये सगळं गोठतं, टाइप केलेलं दिसत नाही, माणूस लॅपटॉप बंद करून टाकतो. ही जुन्या टर्मिनलच्या काळातली ‘थांब’ खूण आहे, ‘चालू कर’ची खूण कंट्रोल-क्यू. कंट्रोल-सी म्हणजे कॉपी नव्हे, चालू काम थांबवणं, हेही पहिल्याच पानावर पाहिजे.

व्हिममधून बाहेर कसं पडायचं?

व्हिम म्हणजे टर्मिनलमध्ये चालणारा टेक्स्ट एडिटर. एस्केप दाबा. मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. केलेले बदल जातील पण बाहेर याल. बदल ठेवायचे असतील तर त्याऐवजी कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर. लाज वाटायचं काही कारण नाही, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर हाच प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाख वेळा बघितला गेला होता.

पण असं विचित्र बनवलंच कशाला?

तेव्हा ते विचित्र नव्हतं. टेलिटाइप नावाची मशीन होती, स्क्रीनच नाही, सगळं कागदावर छापायचं, आणि वेग सेकंदाला दहा अक्षरं. अशा मशीनवर कोण लांब कमांड लिहील आणि प्रत्येक वेळी ‘फाइल यशस्वीरीत्या कॉपी झाली’ हे छापायची वाट कोण बघत बसेल? म्हणून एलएस (यादी), सीपी (कॉपी), एमव्ही (हलवणं) अशी दोन अक्षरी नावं आणि म्हणून ती शांतता.

व्हिम ज्यावरून आला तो व्हीआय एडिटर बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमाराला लिहिला. त्यांच्याकडचं टर्मिनल होतं एडीएम-३ए, त्यावर बाणांची चिन्हं एच, जे, के, एल या बटणांवरच छापलेली होती आणि एस्केपचं बटण आज आपल्या कीबोर्डवर टॅब असतो तिथे, म्हणजे बोटाखालीच. आपल्याला एस्केपसाठी कोपऱ्यात हात न्यावा लागतो, त्यांना लागत नव्हता. हे सांगितल्यावर वर्गातली पोरं एकदम सैल होतात. ‘हे मूर्खासारखं आहे’ असं वाटायचं थांबतं.

ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरचंही तसंच. त्याची सुरुवात १९७६ ला एमआयटीत झाली, आजचं कट-कॉपी-पेस्ट सगळीकडे पसरायच्या आधी. म्हणून तिथे कटला ‘किल’ म्हणतात आणि पेस्टला ‘यँक’. आणि गंमत नाही, खरंच ताप होतो तो इथे की व्हिममध्ये ‘यँक’ म्हणजे कॉपी. एकच शब्द आणि दोन एडिटरमध्ये दोन अर्थ. ईमॅक्समध्ये ‘विंडो’ म्हणजे खिडकीच्या आतला भाग आणि आपण ज्याला विंडो म्हणतो ती ‘फ्रेम’. शिकवणाऱ्याने हे आधीच सांगितलं नाही तर मॅन्युअल वाचणारा माणूस तासभर चुकीच्या खिडकीत शोधत राहतो.

मग बटणं बदलून आजच्यासारखी का नाही करत?

करता येतात, आणि ज्याला हवी त्याने करावीत, ईमॅक्समध्ये त्यासाठी सीयूए मोड (कट-कॉपी-पेस्टची नेहमीची बटणं चालू करणारी सोय) आहेच. पण सगळ्यांसाठी एका रात्रीत बदलली तर तीस वर्षं हाताला वळण लागलेले लोक आंधळे होतात, आणि आजवर लिहिलेली सगळी पुस्तकं, उत्तरं, नोट्स चुकीच्या ठरतात. मला स्वतःला मधला रस्ता पटतो : जुनं चालू ठेवायचं आणि शेजारी पाटी लावायची.

नॅनो एडिटर बघा, स्क्रीनच्या तळाला दोन ओळींत लिहिलेलं असतं काय दाबलं की काय होतं. तिथेही एक खोट आहे, कंट्रोलसाठी ते टोपीसारखं ^ चिन्ह वापरतात आणि पोरं खरंच शिफ्ट-सहा दाबून टोपी टाइप करतात, शिवाय सेव्हला ‘राइट आउट’ म्हणतात. तरी पाटी आहे हे महत्त्वाचं. ईमॅक्समध्ये ‘व्हिच-की’ नावाची सोय आहे, अर्धी बटणं दाबून थांबलात की पुढे काय काय दाबता येईल त्याची यादी खाली उघडते. आधी ती वेगळी टाकावी लागायची, २०२५ ला आलेल्या ईमॅक्स ३० मध्ये ती सोबतच येते, फक्त चालू करावी लागते. गिटने २०१९ ला ‘चेकआउट’चं ओझं हलकं केलं, ब्रांच (कामाची वेगळी शाखा) बदलायला ‘स्विच’ आणि फाइल पूर्ववत करायला ‘रिस्टोर’ अशा दोन वेगळ्या कमांड दिल्या. ‘चेकआउट’ अजूनही चालतं, कुणाचं काही मोडलं नाही. आम्ही नव्यांना आता ‘चेकआउट’ शिकवतच नाही.

डॉक्युमेंटेशन आहे ना? लोक वाचत का नाहीत?

वाचतात. पण त्यांच्या हातात चुकीचं पान दिलं जातं. युनिक्सचं (लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं ती जुनी सिस्टीम) पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं, आणि मॅन पेजची (प्रत्येक कमांडचं मॅन्युअलचं पान) ठेवण अजूनही बरीचशी तीच आहे : नाव, कसं लिहायचं, मग सगळे ऑप्शन. ज्याला काम येतं आणि एखादा ऑप्शन विसरलाय त्याच्यासाठी ते उत्तम आहे. ज्याला कामच येत नाही त्याच्यासाठी ते म्हणजे आंबोळी करायला शिकायला आलेल्या पोरीला वाण्याच्या दुकानातली मालाची यादी दिल्यासारखं.

डॅनिएले प्रोचिदा या माणसाने डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार नीट मांडलेत, आणि आम्ही तेच धरून चालतो. हात धरून शिकवणारं पान वेगळं, ‘अमुक काम कसं करायचं’ हे सांगणारं वेगळं, सगळे ऑप्शन देणारं संदर्भाचं वेगळं आणि ‘हे असं का आहे’ हे समजावणारं वेगळं. बहुतेक ठिकाणी चारही एकाच पानात कोंबलेले असतात, म्हणजे तिसऱ्या पायरीला इतिहास सुरू होतो आणि वाचणाऱ्याचा हात थांबतो. मी वर एडीएम-३ए बद्दल लिहिलं ते ‘का’च्या पानातलं, ते शिकवणीच्या पानात घालायचा मोह मला दर वेळी होतो आणि दर वेळी खोडावं लागतं.

घाईच्या वेळी टीएलडीआर पेजेस नावाचा प्रकल्प चांगला आहे, त्यात प्रत्येक कमांडची चार-सहा रोजची उदाहरणं असतात. टार (अनेक फाइलींचं एक गाठोडं बांधणाऱ्या) कमांडचे ऑप्शन कुणाला पाठ असतात? उदाहरण बघा, करा, पुढे जा.

मराठीत लिहायचं तर शब्द कोणते वापरायचे?

जे तोंडात आहेत ते. फाइलला फाइल, फोल्डरला फोल्डर, एंटरला एंटर. ‘संचिका’ लिहून बघितलं होतं, मास्तर सोडून कुणालाच कळलं नाही आणि मास्तरही म्हणाले की फाइलच लिहा, कारण स्क्रीनवर तेच दिसतं. शब्द इंग्रजीतला असेल तरी चालेल, पण समजावणं मात्र पूर्ण मराठीत. ‘पाइप’ (दोन कमांडच्या मधली उभी रेघ) म्हणजे काय तर आधीच्या कमांडमधून जे बाहेर पडलं ते जमिनीवर न सांडता थेट पुढच्या कमांडच्या तोंडात घालायचं, हे एवढं कळलं की त्या उभ्या रेघेची भीती जाते.

बटणं सांगताना तर फार जपून. ईमॅक्सच्या मॅन्युअलमध्ये ‘सी-एक्स सी-सी’ लिहिलेलं असतं आणि नवीन माणूस सी दाबतो, मग आडवी रेघ, मग एक्स. आम्ही असं लिहितो : कंट्रोल धरून ठेवा, एक्स दाबा, मग कंट्रोल तसाच धरून सी दाबा. लांब होतं, होऊ दे. ‘एम’ म्हणजे बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट, हेसुद्धा सांगा.

आणि तीन शब्द आम्ही गाळतो : ‘फक्त’, ‘नुसतं’, ‘सोप्पंय’. ‘फक्त एवढी कमांड द्या’ असं वाचून ज्याला ती जमली नाही त्याला वाटतं दोष आपल्यात आहे. वर मीही एका ठिकाणी त्याच जातीचं ‘एवढंच’ लिहिलंय, तेवढं क्यू दाबण्यापुरतं राहू दे.

टर्मिनलमध्ये मराठी तुटून का दिसतं?

टर्मिनल म्हणजे चौकटींचा वहीकागद, एका चौकटीत एक अक्षर. इंग्रजीला ते जमतं. ‘स्त्री’ मध्ये स, त, र, हलन्त, वेलांटी एवढे तुकडे एकत्र येऊन एक आकार होतो आणि तो किती चौकटींचा हे टर्मिनलला ठरवता येत नाही. ऱ्हस्व वेलांटीचं आणखी वेगळं, ती दिसते आधी आणि साठवली जाते नंतर. त्यामुळे बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटलेली दिसतात. तुमची फाइल खराब झालेली नसते, दाखवणं बिघडलेलं असतं, घाबरून फाइल डिलीट करू नका. तीच फाइल स्वतःच्या खिडकीत चालणाऱ्या एडिटरमध्ये उघडा, नीट दिसेल. ईमॅक्स २७ पासून, म्हणजे २०२० पासून, त्यात हार्फबझ (जोडाक्षरं नीट जुळवणारं सॉफ्टवेअर) वापरतात आणि देवनागरी तिथे छान दिसते, इनस्क्रिप्टने टाइप करायची सोयही आत आहे.

एरर मेसेज कसा असावा?

काय झालं, कुठे झालं आणि आता काय करायचं, हे तिन्ही त्यात हवं. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालेल असा करून देणारा) यात आदर्श आहे, चुकलेली ओळ दाखवतो, नेमक्या शब्दाखाली खूण करतो, बऱ्याचदा सुचवतो की असं लिहायचं होतं का, आणि एररला नंबर असतो तो देऊन विचारलं की पानभर समजावून सांगतो. गिटमध्ये स्टेटसचं स्पेलिंग चुकलं तर तेही जवळची कमांड सुचवतं. दुसरीकडे लेटेक, म्हणजे टेक्स्टमध्ये खुणा लिहून छापील पान बनवणारं सॉफ्टवेअर. एक महिरपी कंस बंद करायचा राहिला की एरर मेसेज दुसऱ्याच पानावरची ओळ दाखवतो. आमच्याकडे एका मुलीचा प्रोजेक्ट रिपोर्ट रात्री दोन वाजता असाच अडकला होता, तिने सगळं पुसून पहिल्यापासून टाइप केलं. मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. तिला कुणी सांगितलं असतं की अर्धा मजकूर बाजूला काढ, चालतंय का बघ, मग उरलेल्याचं अर्धं, तर दहा मिनिटांत सापडलं असतं.

नेट नसेल तेव्हा काय?

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे लाइट आणि नेटवर्क दोन्ही गेलं. लाइट परत आल्यावरही नेट यायला वेळ लागला, आणि तेव्हा लक्षात आलं की सगळी मदत ऑनलाइन असणं किती धोक्याचं आहे. जुन्या सॉफ्टवेअरची ही बाजू सोन्यासारखी आहे, मॅन पेज मशीनवरच असतात. कमांडचं नाव माहीत नसेल तर ‘अप्रोपॉस’ला विषय देऊन शोधता येतं. व्हिमसोबत ‘व्हिमट्यूटर’ येतो, तो म्हणतो अर्धा तास लागेल, इंग्रजी अडखळत वाचणाऱ्याला आमच्या वर्गात दोन रविवार लागतात आणि त्यात काही बिघडत नाही. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एच आणि मग टी दाबलं की शिकवणी उघडते. आमच्या मराठी नोट्सही साध्या टेक्स्ट फाइलमध्येच आहेत, पेनड्राइव्हवर मावतात.

मला असं पान लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

एका नवीन माणसाच्या शेजारी बसा आणि हात मांडीवर ठेवा. कीबोर्डला हात लावायचा नाही, ‘अरे तिथे नाही’ म्हणायचं नाही, नुसतं बघायचं आणि वहीत लिहायचं की तो कुठे थांबला. फार कठीण आहे हे, मला पहिल्या वेळी चार मिनिटंसुद्धा जमलं नाही. पण पंधरा मिनिटांत जे कळतं ते एकट्याने बसून महिनाभर लिहून कळत नाही. मग त्या थांबलेल्या जागांचंच पान करायचं, आणि ते पान दुसऱ्या नवीन माणसाला द्यायचं, पहिल्याला नाही, कारण पहिला आता नवीन राहिलेला नाही.

मी स्वतःच नवीन आहे, माझा काय उपयोग?

सगळ्यात जास्त तुमचाच. आज तुम्हाला जे खुपतंय ते पुढच्या महिन्यात दिसणारसुद्धा नाही, म्हणून आजच लिहून ठेवा. मालवणच्या त्या मुलाने पहिल्या दिवशी वहीत सात ओळी लिहिल्या होत्या, त्यातली एक अशी : ‘टर्मिनलात माऊसने मधे क्लिक केलं तरी कर्सर तिथे जात नाही, बाणानेच जावं लागतं.’ मी इतकी वर्षं वापरतोय आणि हे कुठल्याही नोट्समध्ये घालायचं मला सुचलं नव्हतं. आता ते आमच्या पहिल्या पानावर आहे.

व्हिडिओ बनवला तर?

बनवा, पण त्यासोबत टेक्स्टही द्या. व्हिडिओतली कमांड कॉपी होत नाही, शोधता येत नाही, एक बटण बदललं की अख्खा परत शूट करावा लागतो, आणि डेटा संपतो तो वेगळाच.

एआयला विचारलं तर चालेल का?

समजून घ्यायला चालेल, आमची पोरं विचारतात. पण तो कधीकधी नसलेला ऑप्शनही ठामपणे सांगतो, तेव्हा कमांड द्यायच्या आधी मॅन पेजमध्ये तो ऑप्शन आहे का बघा. आरएम (फाइल पुसायची कमांड) असलेली कुठलीही ओळ समजल्याशिवाय चालवू नका, टर्मिनलातून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही.

मी लिहिलेलं नंतर चुकीचं ठरलं तर?

ठरणारच, सॉफ्टवेअर बदलतं. पानाच्या वर तारीख आणि तुम्ही वापरलेलं व्हर्जन लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की आपल्याकडे वेगळं का दिसतंय. कमांड लिहिताना स्वतः चालवून बघून मगच उतरवा, आठवणीतून लिहू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून आणलेली असेल तर अवतरणचिन्हं तपासा, ती वाकडी झालेली असतात आणि दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ होते, दिसायला तसंच दिसतं पण चालत नाही. आणि कुणी नवीन माणूस म्हणाला की चौथ्या पायरीला माझं अडलं, तर त्याला समजावत बसण्याआधी ती चौथी पायरी दुरुस्त करा.